‘तुझ्याकडे चालतो, माझ्याकडे नाही’: डेस्कटॉपवरच्या खेळाचं दर वेळचं दुखणं

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात आम्ही बनवलेला कॉम्प्युटरचा खेळ मांडायचा होता. तीस मशीनची लॅब, दुपारी दोनची वेळ आणि पेनड्राइव्हमध्ये आदल्या रात्री घरी दहा वेळा चालवून पाहिलेला बिल्ड, म्हणजे खेळाची वाटायला तयार प्रत. पहिल्या मशीनवर डबल क्लिक केलं तर चौकटीत इंग्रजीत तक्रार आली, अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडली नाही. मागच्या रांगेतल्या मशीनवर तर तीही नाही. कर्सर क्षणभर गोल फिरला आणि सगळं गप्प. शेवटी माझाच लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि पोरं रांगेत उभी राहून एकेक डाव खेळली. लॅब असिस्टंट सर शांतपणे म्हणाले, “घरी चालत होता ना?” त्यांचा सूर अजून कानात आहे.

खेळ साधा आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात, त्यात उडी घेऊन धप्पा मारायचा आणि रंग संपायच्या आत पुढची रहाड गाठायची. टूडी, सी++ मध्ये, एसडीएल२ ही खेळांसाठीची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून, चित्रं काढायला ग्राफिक्स कार्डशी बोलणारं ओपनजीएल ३.३. यात मशीनला दम लागावा असं काही नाही. तरी त्या दिवसाआधी आणि नंतरही ‘चालत नाहीये रे’ हा निरोप इतक्या वेळा आला की मी शेवटी एक वही केली: कोणाकडे, काय दिसलं, खरं कारण काय निघालं. हे लिखाण त्या वहीतून.

वही चाळल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी इतके दिवस समोरच्याच्या मशीनला जुनाट म्हणत होतो, पण निम्म्याहून जास्त वेळा दोष माझ्या मशीनचा होता. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम बनवायचं साधन) आहे, सगळे रनटाइम (तयार प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइली) आहेत, ताजा ग्राफिक्स ड्रायव्हर आहे, युजरचं नाव इंग्रजीत आणि सहा अक्षरांचं आहे. म्हणजे खेळाला जे जे लागतं ते सगळं नकळत आधीच हजर. मग बिल्डमध्ये काय राहिलंय ते कळणार कसं?

म्हणून आधी समोरच्याला नीट विचारायचं. ‘चालत नाही’ याचे निदान चार अर्थ असतात. चौकट येऊन तक्रार होते, काहीच न बोलता बंद होतो, खिडकी उघडते पण आत काळं दिसतं, किंवा चालतो पण वेड्यासारखा वागतो. चारही दुखणी वेगळी. चौकट असेल तर फोटो मागवा, तोंडी सांगितलेलं घेऊ नका. आमच्या एका मित्राने ‘एक सी आणि खूप शून्यं’ असा एरर कळवला होता.

डीएलएल सापडत नाही

लॅबमधली तक्रार व्हीसीरनटाइम१४०_१ या डीएलएलची होती. शेवटचं ‘_१’ महत्त्वाचं. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ आणि २०१७ च्या रनटाइममध्ये साधी व्हीसीरनटाइम१४० होती. ‘_१’वाली ६४ बिटी प्रोग्रामसाठी २०१९ पासून आली. लॅबमध्ये कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरने जुना रनटाइम बसवलेला होता, त्यामुळे पहिली होती, दुसरी नव्हती. यावर लोक पटकन काय करतात, तर त्या डीएलएलचं नाव शोधून मिळेल त्या साइटवरून ती एकच फाइल उतरवतात. कृपा करून नको. कुठली आवृत्ती, कोणी हात लावलेली, काही पत्ता नसतो.

सरळ उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल, एक्स६४वाला. २०१५ ते २०२२ पर्यंतच्या सगळ्यांना तो एकच चालतो. पण तो बसवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि लॅबमध्ये तो सरांकडे, सर जेवायला. त्यामुळे आता आम्ही एमएसव्हीसीपी१४०, व्हीसीरनटाइम१४० आणि व्हीसीरनटाइम१४०_१ या तिन्ही फाइली व्हिज्युअल स्टुडिओच्या रिडिस्ट फोल्डरमधून उचलून खेळाच्या एक्झीशेजारीच, म्हणजे डबल क्लिक करायच्या फाइलीशेजारी, ठेवतो. मायक्रोसॉफ्टची त्याला परवानगी आहे. युनिव्हर्सल सी रनटाइम विंडोज १० मध्ये मुळातच असतो, त्याची काळजी नाही. कंपाइलरला (कोडचा प्रोग्राम करणाऱ्याला) एमडी या पर्यायाऐवजी एमटी सांगून रनटाइम एक्झीतच कोंबता येतो, तेही चालेल. पण तुमच्या बाकीच्या लायब्रऱ्या एमडीने बनलेल्या असतील तर लिंकर (सगळे तुकडे जोडणारा) भांडत बसतो.

याच घरातली आणखी दोन दुखणी. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डी’ दिसला, म्हणजे व्हीसीरनटाइम१४०डी किंवा यूसीआरटीबेसडी, तर तुम्ही डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायची प्रत, दिलाय. त्या फाइली वाटायच्या नसतातच, रिलीज बिल्ड करून द्या. आणि ०एक्स सी०००००७बी असा कोड आला तर बहुतेक वेळा ६४ बिटी एक्झीला ३२ बिटी डीएलएल मिळालेली असते. आमच्याकडे एसडीएल२ ची चुकीची फाइल कॉपी झाली होती. दोन्हींचं नाव हुबेहूब एक, फोल्डर वेगळे. व्हिज्युअल स्टुडिओच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डंपबिन या साधनाला डिपेन्डंट्स हा पर्याय देऊन एक्झीचं नाव दिलं की कोणकोणत्या डीएलएल लागतात त्याची यादी मिळते. पाठवण्याआधी ती बघायला अर्धा मिनिट लागतो.

काहीच न बोलता बंद

लॅबची मागची रांग. इथे अंदाज बांधत बसू नका. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्समध्ये अ‍ॅप्लिकेशन उघडा, त्यात ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ नावाची, इव्हेंट क्रमांक १००० ची लाल नोंद असते. तिच्यातला एक्सेप्शन कोड वाचायचा. आमच्या नोंदीत होता ०एक्स सी०००००१डी, म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना.

त्या रांगेत पेंटियम होते, सातव्या पिढीचे. फार जुने नाहीत. पण त्या काळापर्यंतच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये इंटेलने एव्हीएक्स (एका वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या सूचना) दिलेलंच नाही. त्याच पिढीच्या आय३ मध्ये मात्र ते आहे. आणि मी काय केलं होतं? रहाडीतून उडणाऱ्या पाण्याचे थेंब जलद व्हावेत म्हणून कंपाइलरच्या सेटिंगमध्ये एव्हीएक्स२ (त्याचीच पुढची पायरी) चालू करून विसरून गेलो होतो. ते सेटिंग एका फंक्शनपुरतं नसतं, त्याने संपूर्ण खेळाच्या कोडमध्ये कुठेही त्या सूचना पेरल्या जातात, त्यामुळे खेळ पहिल्या पडद्यापर्यंतही पोचत नाही. सेटिंग काढलं. एक्स६४ मध्ये एसएसई२ (तसंच, पण जुनं) सगळ्यांकडे असतंच, थेंबांना तेवढं पुरलं. माझ्या मशीनवर फरक डोळ्यांना दिसलासुद्धा नाही. ज्यांना खरंच एव्हीएक्स हवंय त्यांनी प्रोसेसरला आधी विचारावं, आहे का म्हणून, आणि मगच त्या वाटेने जावं. एसडीएलमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे.

मामांचा लॅपटॉप

वहीतली सगळ्यात लांब नोंद ही. नाशिकरोडला माझे मामा राहतात, रिटायर झाल्यावर दुपारी पत्ते आणि बुद्धिबळ लॅपटॉपवर खेळतात. त्यांना खेळ दिला, लगेच चालला. आठवड्याने फोन केला.

“मामा, कितवी रहाड झाली तुमची?”

“पहिलीच. रोज पहिल्यापासूनच खेळायचा असतो ना हा?”

म्हणजे सेव्ह होतच नव्हतं, आणि मामांना वाटलं खेळाचा नियमच तसा आहे. खेळाच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलीत) एररही नाही. रविवारी जाऊन बघितलं. फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, युजर्स, आणि तिथे फोल्डरचं नाव: प्रभाकर. देवनागरीत. दुकानदाराने लॅपटॉप देताना लोकल अकाउंट काढून दिलं होतं आणि मामांनी हौसेने नाव मराठीत टाइप केलं होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला की युजर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात, म्हणून हे सहसा कोणाला दिसत नाही. लोकल अकाउंटला मात्र जे टाइप कराल ते नाव.

आता आत काय घडत होतं ते. सेव्ह कुठे ठेवायचं हे मी एसडीएलला विचारतो, गेटप्रेफपाथ नावाचं फंक्शन आहे. ते फोल्डरचा पत्ता यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटांत लिहायच्या एका पद्धतीत, देतं. ‘प्रभाकर’मध्ये युनिकोडची सात चिन्हं आहेत: प, हलन्त, र, भ, काना, क, र. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण एकवीस. तो पत्ता मी जसाच्या तसा सी भाषेच्या साध्या एफओपन या फाइल उघडणाऱ्या फंक्शनला दिला होता. लिनक्सवर ते बरोबर आहे. विंडोजवर एफओपन त्या एकवीस बाइटांकडे जुन्या एएनएसआय कोडपेजच्या, म्हणजे ठरावीक भाषांपुरत्या अक्षरतक्त्याच्या, चष्म्यातून बघतं आणि त्याला तिथे एकवीस विचित्र युरोपीय अक्षरं दिसतात. त्या नावाचा फोल्डर अर्थातच नाही, मग फाइल उघडत नाही, नल, म्हणजे ‘फाइल नाही’ अशी खूण, परत येतो. आणि मी नल तपासला नव्हता. ‘उघडली असेल तर लिही’ एवढंच लिहून मोकळा झालो होतो. त्यामुळे ना सेव्ह, ना तक्रार.

देवनागरीसाठी विंडोजचं एएनएसआय कोडपेज कधी नव्हतंच. रशियन किंवा ग्रीक माणसाच्या मशीनवर जुने प्रोग्राम त्याच्या कोडपेजमुळे कसेबसे तगतात. आपल्याला तो आधारही नाही. म्हणजे मराठी युजरनावावर असा कोड तुटणारच. गंमत अशी की मराठी खेळ बनवणाऱ्या आम्हालाच हे माहीत नव्हतं.

उपाय दोन. एक, एसडीएलने दिलेला पत्ता एसडीएललाच परत द्या: आरडब्ल्यूफ्रॉमफाइल वापरा, ते विंडोजवर आतल्या आत यूटीएफ-१६ (विंडोजची स्वतःची पद्धत) करून बरोबर फाइल उघडतं. एसडीएल३ मध्ये त्याचंच नाव आयओफ्रॉमफाइल झालंय. दोन, एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला माहिती देणाऱ्या नोंदीत) अ‍ॅक्टिव्हकोडपेज यूटीएफ-८ असं लिहा. मग एफओपनलाही यूटीएफ-८ कळतं. पण हे विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासूनच, म्हणजे २०१९ च्या आधीच्या विंडोजवर नाही. आम्ही दोन्ही केले, कारण आवाजाची एक बाहेरची लायब्ररी स्वतःच एफओपन मारत होती आणि तिचा कोड आमच्या हातात नव्हता.

मामांना मी नाव बदला असं म्हणालो नाही. एक तर अकाउंटचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. दुसरं, माणसाने आपलं नाव आपल्या लिपीत लिहिलं तर चूक त्याची कशी?

सेव्हचा विषय निघालाच आहे तर: एक्झीच्या शेजारी सेव्ह लिहू नका. कोणी खेळ प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवला की तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, आणि हेच सगळं परत. आणि सेव्हमध्ये तारीख मजकूर म्हणून ठेवत असाल तर इंग्लिश-इंडियाची मांडणी दिवस-महिना-वर्ष, अमेरिकेची महिना आधी. एका मशीनवरचं सेव्ह दुसरीकडे नेलं की तेरा तारखेपासून गोंधळ.

खिडकी काळी, किंवा खेळ रांगतोय

शालिमारजवळच्या एका दुकानातून मित्राने नवा पीसी जोडून आणला, त्यावर खेळ उघडताच पडला. ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं. खेळाच्या लॉगमध्ये मी तेव्हा नुकतीच एक ओळ घातली होती, ओपनजीएलचा रेंडरर (चित्र कोण काढतंय ते) आणि आवृत्ती छापणारी. तिथे आलं: जीडीआय जेनेरिक, १.१.०. हे दिसलं की बाकी काही शोधू नका. कार्डचा ड्रायव्हरच बसवलेला नाही. विंडोजने स्वतःचा नव्वदच्या दशकातला ओपनजीएल १.१ पुढे केलाय, तोही सॉफ्टवेअरमधला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अशा वेळी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ दिसतो. डेस्कटॉप छान दिसत असतो, यूट्यूब चालतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. ड्रायव्हर टाकला, चालला. आमच्या बाजूने चूक एवढी होती की ओपनजीएल ३.३ मिळालं नाही तर काय, हे लिहिलंच नव्हतं. आता चौकट येते आणि मराठीत सांगते, ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा.

सातपूरचा एक जण मात्र उलटी तक्रार करत होता. गेमिंग लॅपटॉप, महागातला, आणि खेळ धापा टाकतोय. त्याच्यात दोन ग्राफिक्स आहेत, एक प्रोसेसरमधलं आणि एक एनव्हीडियाचं, आणि विंडोजने आमच्या अनोळखी एक्झीला पहिलंच दिलं. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन खेळाला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून देता येतं. कायमचा उपाय कोडमध्ये: एनव्हीऑप्टिमसएनेबलमेंट आणि एएमडीपॉवरएक्सप्रेसरिक्वेस्टहायपरफॉर्मन्स हे दोन चल, किंमत एक, एक्सपोर्ट करायचे, म्हणजे बाहेरून दिसतील असे ठेवायचे. ते एक्झीतूनच एक्सपोर्ट व्हायला हवेत, डीएलएलमधून केले तर ड्रायव्हर बघत नाही. आमचे दोन दिवस यातच गेले.

गोडो ४ या खेळ बनवायच्या इंजिनवर काम करणाऱ्यांसाठी: त्याच्या फॉरवर्ड प्लस रेंडररचा मुख्य रस्ता विंडोजवर ४.५ आवृत्तीपर्यंत व्हल्कनचा (ओपनजीएलसारखंच, पण नवं) होता, आणि विंडोजवर इंटेलचं व्हल्कन सहाव्या पिढीपासून, म्हणजे स्कायलेकपासून पुढे. सेकंडहँड बाजारात चौथ्या पिढीचे आय५ ढिगाने फिरतात. तुमचा खेळ टूडी असेल तर सरळ कंपॅटिबिलिटी रेंडरर निवडा, तो ओपनजीएल ३.३ वर चालतो.

लिनक्स

उबुंटू २४.०४ वर बनवलेला बिल्ड मैत्रिणीच्या २२.०४ वर उघडेना. टर्मिनलमध्ये आलं: जीएलआयबीसी २.३८ सापडली नाही. ही ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. आता २४.०४ मध्ये ग्लिबसी २.३९ असते आणि तिच्याकडे २.३५, मग मधूनच २.३८ कुठून आली? ग्लिबसीमध्ये प्रत्येक फंक्शनला त्याची आवृत्ती चिकटलेली असते. तुम्ही वापरलेल्यांपैकी सगळ्यात नवीन जी, ती मागितली जाते. जुन्या बिल्डला नवी ग्लिबसी चालते, उलटं कधीच नाही. म्हणून बिल्ड करायचं मशीन जाणूनबुजून जुनं ठेवायचं. आम्ही स्टीम या खेळांच्या दुकानाचा ‘स्निपर’ रनटाइम कंटेनर (मशीनच्या आतलं बंदिस्त लिनक्स) वापरतो, तो डेबियन ११ या जुन्या लिनक्सवर उभा आहे, ग्लिबसी २.३१.

तिचा दुसरा निरोप: खेळ उघडला, पण रहाडीत रंगच नाही. फाइलच्या नावात आर मोठा, कोडमध्ये आर छोटा. विंडोजला दोन्ही सारखे, मॅकलाही सहसा सारखे, लिनक्सला नाही. आणि हे फक्त लिनक्सचं दुखणं समजू नका. गोडोमध्ये एडिटरमधून विंडोजवर बिनबोभाट चालणारा खेळ एक्सपोर्ट केल्यावर त्याच विंडोजवर चित्र सापडत नाही म्हणतो, कारण चित्रं-आवाज ज्यात भरले जातात त्या पीसीके फाइलच्या आत लहान-मोठं अक्षर वेगळं धरतात. आता सगळी नावं लहान लिपीत, मध्ये अंडरस्कोर, विषय बंद.

मॅक

यात माझा हात कच्चा, मॅक उसना आणावा लागतो. पण दोन गोष्टी नक्की. मॅकचा बिल्ड विंडोजवर झिप केला की आतल्या एक्झिक्युटेबलची ‘चालवण्याची परवानगी’ गळून पडते आणि अ‍ॅप उघडतच नाही. सीएचमॉड या कमांडने ती परत द्यावी लागते, किंवा झिपच मॅक-लिनक्सवर करावी. आणि नेटवरून उतरवलेलं, डिजिटल सही नसलेलं अ‍ॅप ‘डॅमेज्ड’ आहे असं मॅक सांगतो, ते खराब झालेलं नसतं. एम१ आणि पुढच्या चिपवर एआरएम कोडला निदान तात्पुरती सही असल्याशिवाय तो चालूच देत नाही. रीतसर नोटरायझेशनसाठी (कंपनीकडून तपासून घ्यायला) अ‍ॅपलचं सभासदत्व लागतं, वर्षाला ९९ डॉलर. आमच्या खेळाची कमाई अजून तिथे पोचायची आहे, म्हणून तूर्तास मॅकवाल्यांना सिस्टम सेटिंग्जमधून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ‘ओपन एनीवे’ दाबायला सांगतो.

सध्याची पद्धत

दर बिल्ड आता आधी विंडोज सँडबॉक्समध्ये उघडतो. प्रो आवृत्तीत ते मिळतं, होममध्ये नाही. टर्न विंडोज फीचर्समधून चालू करायचं. दर वेळी कोरं करकरीत विंडोज, बंद केलं की सगळं पुसलं जातं. डीएलएलची सगळी दुखणी तिथेच सापडतात. ग्राफिक्स आणि प्रोसेसरची मात्र नाही, कारण खाली मशीन माझंच. त्यासाठी एक सेकंडहँड पेंटियम डबा घेऊन ठेवलाय, चार जीबी रॅमवाला. त्यावर व्हिज्युअल स्टुडिओ नाही, एसडीएल नाही, काही नाही, आणि अपडेटशिवाय काही बसवायचं नाही असा घरात कायदा आहे. लोकल अकाउंटचं नाव ‘गोदा काठ’ ठेवलंय, देवनागरीत आणि मध्ये मोकळी जागा सोडून. परवा त्या मोकळ्या जागेनेच एक नवा बग पकडून दिला: लेव्हल एडिटरमधून खेळ सुरू करताना मी पत्त्याला अवतरण चिन्हं घातली नव्हती, आणि खेळ ‘गोदा’ नावाची फाइल शोधत बसला होता.